फिल्म कॅमेऱ्याकडून डिजिटल कॅमेऱ्याकडे : छायाचित्रणातील स्थित्यंतर आणि इतिहाससाधनांचा प्रश्न

प्रस्तावना

बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख, ताम्रपट आणि सरकारी दप्तरे या पारंपरिक इतिहाससाधनांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छायाचित्राची भर पडली. १८३९ मध्ये पॅरिस येथे दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीचा तपशील जाहीर करण्यात आला. तेव्हापासून सुमारे दीडशे वर्षे छायाचित्र म्हणजे प्रकाशाने रसायनावर उमटवलेली खूण, हे समीकरण कायम राहिले. पत्र्याच्या जागी काच आली, काचेच्या जागी लवचीक फिल्म आली, कृष्णधवल चित्राला रंग लाभला. तथापि मूळ तत्त्व बदलले नाही. ते बदलले विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. साधारणपणे १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांच्या काळात वृत्तपत्रांची कार्यालये, गावोगावचे फोटो स्टुडिओ आणि सामान्य कुटुंबे यांनी फिल्म कॅमेरा बाजूला ठेवून पहिला डिजिटल कॅमेरा हाती घेतला.

या स्थित्यंतराकडे बहुधा यंत्राची प्रगती म्हणून पाहिले जाते. खर्च कमी झाला, वेळ वाचला, चित्र तत्काळ दिसू लागले, हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे फायदे होत आणि ते खरेही आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा बदल निराळा आहे. फिल्मच्या काळात कोणते चित्र घ्यावे याची निवड शटर दाबण्यापूर्वी होत असे आणि एकदा घेतलेले चित्र सहसा आपोआप टिकून राही. डिजिटल कॅमेऱ्याने निवड शटर दाबल्यानंतरच्या क्षणावर नेली आणि टिकवणे हे जाणीवपूर्वक करावयाचे काम बनवले. या बदलाचे स्वरूप, त्याची कारणे आणि इतिहाससाधनांवर झालेला त्याचा परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फिल्म : एक रासायनिक आणि आर्थिक व्यवस्था

दागेर यांच्या पद्धतीत प्रत्येक चित्र एकमेव असे. त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. इंग्लंडमध्ये टॅल्बट यांनी १८४१ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिच्यामुळे प्रथम निगेटिव्ह व तिच्यावरून हव्या तितक्या प्रती, अशी द्विस्तरीय रचना अस्तित्वात आली. पुढील सर्व छायाचित्रण या रचनेवर उभे राहिले. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात १०० चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे आणि ती संपल्यावर संपूर्ण कॅमेराच अमेरिकेतील रॉचेस्टर येथील कारखान्याकडे पाठवावा लागे. छायाचित्र घेणारा आणि ते धुणारा या दोन व्यक्ती येथून वेगळ्या झाल्या. १९२५ मध्ये जर्मनीतील लायका कॅमेऱ्याने चित्रपटासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आणून तिला लोकप्रियता मिळवून दिली. २४ × ३६ मिलिमीटरची चौकट आणि ३६ चित्रांचा रोल हे माप त्यानंतर जगभर रूढ झाले.

भारतात फिल्म दीर्घकाळ आयात होत असे. परकीय चलनावरील हा भार कमी करण्यासाठी १९६० मध्ये तामिळनाडूतील उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग स्थापन झाला आणि १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ या नावाने त्याची कृष्णधवल फिल्म आणि क्ष-किरण फिल्म देशभर परिचित होती. रंगीत फिल्मच्या बाबतीत मात्र कोडॅक, फुजी, कोनिका या परदेशी नावांचेच वर्चस्व राहिले.

या व्यवस्थेचा आर्थिक गाभा असा की शटर दाबण्याच्या प्रत्येक कृतीला किंमत होती. रोल विकत घ्यावा लागे, तो धुण्याचे पैसे वेगळे आणि प्रत्येक प्रिंटचे पैसे आणखी वेगळे. मध्यमवर्गीय घरात गणपतीला घातलेला रोल दिवाळीनंतर धुवायला जाई. एकाच पट्टीवर उत्सव, सहल आणि एखादे बारसे एकामागोमाग नोंदले जाई. साहजिकच शटर दाबण्याआधी विचार होई. सर्वांना ओळीत उभे केले जाई, उजेड पाहिला जाई, डोळे मिटू नका अशी सूचना दिली जाई. चित्र कसे आले आहे हे समजण्यास कित्येक दिवस, क्वचित महिनेही लागत. फिल्मच्या काळातील कौटुंबिक छायाचित्रांत जो औपचारिकपणा आढळतो, त्याचे एक कारण सामाजिक संकेतांत असले तरी दुसरे कारण या खर्चाच्या गणितात आहे.

निगेटिव्हचे दस्तऐवजी मूल्य

निगेटिव्ह ही अंतिम वस्तू नव्हे. प्रिंट मिळाल्यावर ती पाकिटात जाई आणि विस्मरणात पडे. परंतु हे विस्मरणच अनेकदा तिच्या जतनाचे कारण ठरले. महाराष्ट्राच्या संदर्भात याची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपला स्टुडिओ उघडला. दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या संग्रहात आहेत. संस्थानिकांचे दरबार, इमारती आणि शिकारी यांची जी दृश्ये त्या काचांवर आहेत, ती मूळ ग्राहकांनी नेलेल्या प्रिंट नष्ट झाल्या असत्या तरी अभ्यासकाला उपलब्ध राहिली असती. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये छायाचित्रणातून निवृत्ती घेतली. पुढे अनेक दशकांनी त्यांच्या कार्याचा नव्याने अभ्यास झाला, तो त्यांच्याकडील निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्या आधारेच.

हीच गोष्ट लहान प्रमाणावर गावोगावच्या स्टुडिओत घडत होती. प्रिंटच्या मागे क्रमांक लिहिलेला असे आणि त्याच क्रमांकाच्या पाकिटात निगेटिव्ह जपलेली असे. वडिलांच्या निधनानंतर भिंतीवर लावण्यासाठी मोठे छायाचित्र हवे झाले, तर मुलगा जुना क्रमांक घेऊन स्टुडिओत जाई. नोंदवही आणि पाकिटे यांची ही मांडणी व्यवसायाच्या सोयीसाठी होती. तथापि तिच्यामुळे त्या गावाचा एक अघोषित दप्तरखाना तयार होत होता.

फिल्मचा आणखी एक गुण अभ्यासकाला उपयोगी पडतो. पट्टीच्या कडेला चौकटींचे क्रमांक छापलेले असतात. त्यामुळे कोणते चित्र आधी घेतले व कोणते नंतर, हे ठरवता येते. बिघडलेली चौकटही पट्टीवरून वेगळी होत नाही. निवडलेल्या एका चित्राच्या आगेमागे न निवडलेली चित्रे राहतात आणि निवड कशी झाली याचाही पुरावा शिल्लक राहतो.

अर्थात फिल्म चिरंजीव होती असे म्हणता येणार नाही. नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातील फिल्म आणि टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यातील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. ॲसिटेट फिल्म कालांतराने आक्रसते आणि तिला शिरक्याचा वास येऊ लागतो, रंगीत फिल्मचे रंग फिके पडतात आणि कोकणासारख्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. परंतु हा ऱ्हास बहुतेकदा क्रमाक्रमाने होतो आणि डोळ्यांना दिसतो. फिकी पडलेली निगेटिव्हही काही ना काही सांगत राहते.

डिजिटल तंत्राचा उदय

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या अर्धवाहक घटकाची कल्पना मांडली. या घटकाच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो. तो भार ओळीने बाहेर काढून मोजला की चित्राचे आकड्यांत रूपांतर होते. या शोधासाठी दोघांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सेन्सरला केवळ प्रकाशाची तीव्रता समजते, रंग समजत नाही. ही अडचण कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी सोडवली. त्यांच्या १९७६ च्या पेटंटातील जाळीत निम्मे कप्पे हिरव्या, पाव तांबड्या आणि पाव निळ्या गाळणीखाली येतात. आजही बहुसंख्य कॅमेरे याच मांडणीवर चालतात.

१९७५ च्या अखेरीस कोडॅकमधील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी सीसीडी वापरून पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलो होते. १०० × १०० म्हणजे अवघ्या १०,००० बिंदूंचे कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदण्यास त्याला २३ सेकंद लागत आणि ते दूरचित्रवाणी संचावर पाहावे लागे. कॅसेटवर याहून अधिक चित्रे मावत असूनही सॅसन यांनी ३० हा आकडा ठरवला. फिल्मचे रोल २४ आणि ३६ चित्रांचे असत, म्हणून मधला आकडा लोकांना स्वाभाविक वाटेल असा त्यांचा विचार होता. नवे यंत्र घडवतानाही कल्पना जुन्या व्यवस्थेच्या मापात चालते, याचा हा बोलका दाखला आहे.

१९८१ मध्ये सोनी कंपनीने ‘माविका’ हा फिल्मविरहित कॅमेरा जाहीर केला. तो छोट्या चुंबकीय तबकडीवर चित्र साठवी; परंतु त्याचा संकेत अंकीय नव्हता. व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी खऱ्या अर्थाने डिजिटल कॅमेरा आला तो १९९१ मध्ये. निकॉनच्या एफ-३ या फिल्म कॅमेऱ्याला कोडॅकने १३ लाख पिक्सेलचा सेन्सर जोडला. चित्रे साठवण्याचा संच वेगळा होता व तो पट्ट्याने खांद्याला अडकवून न्यावा लागे. या संचाची किंमत २०,००० डॉलरच्या आसपास होती. एवढी रक्कम ज्यांना परवडे आणि ज्यांना वेळेचे मोल सर्वाधिक होते, अशा वृत्तसंस्थांनीच डिजिटल कॅमेरा प्रथम स्वीकारला. १९९४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी कोडॅकने स्वतंत्र नमुना तयार केला. फिल्म धुणे, सुकवणे आणि प्रिंट काढणे हे टप्पे गळून पडल्यामुळे घटनास्थळावरून चित्र दूरध्वनीच्या तारेने थेट पाठवणे शक्य झाले.

सार्वत्रिक स्वीकार आणि फिल्म उद्योगाची पडझड

सामान्य ग्राहकापर्यंत हे तंत्र पोहोचण्यासाठी काही पूरक गोष्टींची आवश्यकता होती. १९९२ मध्ये जेपीईजी हे चित्र आकुंचित करण्याचे मानक निश्चित झाले. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणि १९९९ मध्ये एसडी ही मेमरी कार्डे आली. घरात संगणक आला. या पार्श्वभूमीवर १९९५ मध्ये जपानमध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० हा कॅमेरा ६५,००० येन किमतीला विक्रीस आला. त्याचे चित्र ३२० × २४० बिंदूंचे, म्हणजे आजच्या मानाने अगदीच क्षुल्लक होते. परंतु त्याच्या पाठीवर रंगीत पडदा होता. घेतलेले चित्र त्याच जागी पाहावे आणि नको असल्यास पुसून टाकावे, ही सवय लावण्यात या पडद्याचा वाटा मोठा आहे.

१९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला. आधीच्या लेन्स त्याला बसत असल्यामुळे वृत्तछायाचित्रकारांना जुनी साधनसामग्री टाकून द्यावी लागली नाही. २००३ मध्ये कॅननने ६३ लाख पिक्सेलचा ३००-डी हा कॅमेरा १,००० डॉलरहून कमी किमतीला विकण्यास आरंभ केला आणि हौशी छायाचित्रकारांचे संक्रमण वेगाने सुरू झाले.

फिल्म उद्योगाची पडझडही तितक्याच वेगाने झाली. अमेरिका व पश्चिम युरोपात पारंपरिक फिल्म कॅमेऱ्यांची विक्री थांबवत असल्याचे कोडॅकने २००४ मध्ये जाहीर केले. २००५ मध्ये आग्फाफोटो ही कंपनी दिवाळखोरीत निघाली. २००६ मध्ये निकॉनने दोन वगळता आपले फिल्म कॅमेरे बंद करण्याचा निर्णय घेतला आणि कोनिका मिनोल्टाने छायाचित्रण व्यवसायातूनच माघार घेतली. १९३५ पासून चालत आलेल्या कोडाक्रोम या रंगीत पारदर्शिकेचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांना देण्यात आला आणि त्यातील काही चौकटी त्यांनी भारतात घेतल्या. जगात कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेतील कॅन्सस राज्यात होती. तिनेही २०१० च्या अखेरीस हे काम बंद केले. सॅसन यांनी ज्या कंपनीत डिजिटल कॅमेरा जन्माला घातला, त्या कोडॅकने १९ जानेवारी २०१२ रोजी दिवाळखोरीपासून संरक्षण मिळण्यासाठी अर्ज केला. फिल्म, कागद आणि रसायने यांच्या अखंड विक्रीतून मिळणारा नफा हेच तिचे बळ होते. त्याच नफ्याने तिला नव्या मार्गावर पूर्ण वेगाने जाऊ दिले नाही. उटीचा कारखानाही २०१० नंतरच्या दशकात बंद झाला.

पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे राज्य मात्र अल्पजीवी ठरले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२० मध्ये ही संख्या ९० लाखांच्या खाली आली. मोबाइलमधील कॅमेऱ्याने त्याची जागा घेतली. दुसरीकडे फिल्म पूर्णपणे नामशेष झालेली नाही. मर्यादित प्रमाणात तिचे उत्पादन व वापर चालू आहे.

सवयी आणि कौशल्ये यांतील बदल

फिल्मवर वाढलेल्या छायाचित्रकाराला पहिला डिजिटल कॅमेरा घेतल्यावर अनेक गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. रंगीत निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहन करते. म्हणून प्रकाशाबाबत शंका असल्यास एक पायरी जास्त द्यावी, असा व्यवसायातील नियम होता. डिजिटल सेन्सरचे वर्तन याच्या उलट आहे. प्रकाशाचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की कप्पा भरतो आणि त्या भागातील तपशील कायमचा नाहीसा होतो. लग्नातील नवरदेवाचा पांढरा सदरा किंवा ऊन पडलेली भिंत पहिल्या डिजिटल छायाचित्रांत सपाट पांढरी दिसते, त्याचे कारण बहुधा जुन्या सवयीत सापडते.

फिल्मची संवेदनक्षमता रोल घालतानाच ठरून जाई. डिजिटलमध्ये ती प्रत्येक चित्रागणिक बदलता येऊ लागली. बल्बच्या उजेडातील पिवळसर छटा घालवण्यासाठी गाळणी लावण्याची गरज उरली नाही. याउलट काही उणिवाही होत्या. सुरुवातीच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत बटण दाबणे आणि चित्र घेतले जाणे यांत जाणवण्याइतका विलंब होई. बॅटरी लवकर संपे. ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा सेन्सर लहान असल्यामुळे जुनी लेन्स लावली असता दृश्याचा मधलाच भाग चित्रात येई. लेन्स बदलताना आत गेलेली धूळ फिल्मवर एकाच चौकटीपुरती राही. सेन्सरवर ती प्रत्येक चित्रात उमटू लागली.

काही कौशल्यांची गरजच संपली. निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहरा सफाईदार करणारे, डेव्हलपरचे तापमान हाताच्या अंदाजाने ओळखणारे आणि लाल दिव्याखाली प्रिंट काढणारे कारागीर यांच्या ज्ञानाला बाजारात किंमत राहिली नाही. हे ज्ञान प्रामुख्याने हाताखाली काम करून मिळालेले असल्यामुळे त्याची लेखी नोंद फारशी झाली नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासातील ही हानी चित्रांच्या हानीइतकीच विचारात घेण्याजोगी आहे.

निवडीचे स्थलांतर

पुसण्याची सोय ही डिजिटल कॅमेऱ्याची सर्वांत दूरगामी देणगी होय. जागा मर्यादित आणि मेमरी कार्डे महाग होती, तोवर नको असलेली चित्रे पुसणे अपरिहार्यच होते. कोणते चित्र नको, हा निर्णय त्या वेळच्या समजुतीवर घेतला जाई. ऐतिहासिक महत्त्व मात्र बहुधा नंतर ठरते.

याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये निधिसंकलनाच्या एका कार्यक्रमात राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन गर्दीतील एका तरुणीला आलिंगन देत असल्याचे चित्र वृत्तछायाचित्रकार डर्क हॉल्स्टेड यांनी फिल्मवर टिपले. त्या वेळी त्यात विशेष काही नव्हते. १९९८ मध्ये मोनिका लेविन्स्की प्रकरण उघडकीस आल्यावर हा चेहरा आपण पूर्वी पाहिला आहे असे हॉल्स्टेड यांना वाटले आणि आपल्याकडील हजारो पारदर्शिका शोधवून त्यांनी ती एक चौकट मिळवली. त्या कार्यक्रमात इतरही छायाचित्रकार होते. परंतु डिजिटल कॅमेरे वापरणाऱ्यांनी ते निरुपयोगी वाटलेले चित्र पुसून टाकले होते, असे हॉल्स्टेड यांनी सांगितले आहे. हॉल्स्टेड यांना पुढचे कळले होते असे नव्हे. फिल्मने त्यांना त्या क्षणी निर्णय घेण्यास भागच पाडले नाही, एवढाच फरक होता.

शिकागो येथील व्हिव्हियन मायर यांची छायाचित्रे २००७ मध्ये लिलावात विकली गेली आणि २००९ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर जगासमोर आली. त्यांच्या ठेव्यात न धुतलेले शेकडो रोल होते. कित्येक वर्षे दुर्लक्षित राहूनही ते धुता आले. तितकीच वर्षे पेटीत पडून राहिलेल्या हार्ड डिस्कबद्दल अशी खात्री देता येणार नाही.

डिजिटल चित्रांच्या क्रमांकांवरून अभ्यासकाला एक गोष्ट मात्र समजू शकते. कॅमेरा फायलींना ओळीने क्रमांक देतो. एखाद्या संग्रहात मधले क्रमांक नसतील, तर तेथे काही तरी होते हे कळते. काय होते, ते कळत नाही. फिल्मवरील बिघडलेली चौकट आणि डिजिटल संग्रहातील रिकामा क्रमांक यांतील हा भेद साधनचिकित्सेच्या दृष्टीने मूलभूत आहे.

जतनाचा प्रश्न

निगेटिव्ह उजेडासमोर धरली की चित्र दिसते. डिजिटल फाइल पाहण्यासाठी साठवणीचे माध्यम शाबूत असावे लागते, ते वाचणारे यंत्र असावे लागते आणि फाइलचे स्वरूप ओळखणारी संगणक प्रणाली असावी लागते. यांपैकी एक दुवा तुटला तरी चित्र दिसत नाही. १९९२ मध्ये कोडॅकने बाजारात आणलेली ‘फोटो सीडी’ ही पद्धत काही वर्षांतच मागे पडली. स्मार्टमीडिया, मेमरी स्टिक, एक्सडी ही कार्डे एकेका काळी घरोघर होती. आज ती वाचणारे साधन शोधावे लागते. २००० च्या दशकात अनेक कुटुंबांनी आपली चित्रे सीडीवर उतरवून निर्धास्तपणे कपाटात ठेवली. लिहिता येणाऱ्या सीडीतील रंगद्रव्य उष्णता व प्रकाश यांमुळे खराब होते, हे पुष्कळांना नंतर समजले. गावच्या स्टुडिओतही क्रमांकाच्या पाकिटांची जागा हार्ड डिस्कने घेतली आणि नव्या हंगामातील लग्नांसाठी जागा करताना जुनी चित्रे पुसली जाऊ लागली.

फायलीबरोबर साठवली जाणारी माहिती हा मात्र मोठा लाभ आहे. १९९५ मध्ये जपानमध्ये निश्चित झालेल्या एक्झिफ या मानकामुळे चित्राचा दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याची मांडणी फायलीतच नोंदली जाते. जुन्या छायाचित्राचा काळ पोशाखावरून किंवा इमारतीवरून ठरवावा लागे, त्या मानाने ही मोठीच सोय होय. तरीही ही नोंद चिकित्सेशिवाय स्वीकारता येत नाही. बॅटरी काढली की अनेक कॅमेऱ्यांचे घड्याळ कारखान्यातील मूळ तारखेवर जाई आणि मालक ते पुन्हा लावीलच असे नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने इतिहाससंशोधनाला दिलेले साहाय्यही नोंदवले पाहिजे. ज्या दप्तरखान्यांत परवानगी मिळते तेथे अभ्यासक मोडी कागदांची छायाचित्रे घेऊन घरी सावकाश वाचू शकतो. पूर्वी यासाठी हाताने नकल करावी लागे किंवा मायक्रोफिल्मवर विसंबावे लागे. खर्चाचा अडसर दूर झाल्यामुळे ज्यांच्या घरी पूर्वी लग्नाखेरीज छायाचित्र नव्हते, त्यांचेही दैनंदिन जीवन चित्रबद्ध होऊ लागले. म्हणजेच नोंद होणाऱ्यांचे वर्तुळ विस्तारले. प्रश्न आहे तो त्या नोंदी टिकण्याचा.

पुराव्याच्या दृष्टीने

न्यायालयात छायाचित्र सादर करताना छायाचित्रकाराची साक्ष आणि निगेटिव्ह यांना महत्त्व असे. निगेटिव्हच नसलेल्या चित्राचे काय करावे, या प्रश्नाला भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने उत्तर दिले. त्याद्वारे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये कलम ६५-ब समाविष्ट झाले आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्राची तरतूद आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात हे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात प्रश्न होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्राची आवश्यकता पुन्हा अधोरेखित केली. मात्र मूळ उपकरणच न्यायालयात हजर केल्यास प्रमाणपत्राची गरज नाही, असेही स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद कायम आहे.

वृत्तपत्रसृष्टीत हाच प्रश्न नीतीच्या अंगाने पुढे आला. २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी लॉस एंजेलिस टाइम्सचे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी दोन चित्रे जोडून एक चित्र तयार केल्याचे आढळले आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. चित्रांत फेरफार फिल्मच्या काळातही होत असत. परंतु तेथे प्रिंट संशयास्पद वाटल्यास निगेटिव्हकडे वळता येई. डिजिटल चित्रात मूळ आणि प्रत यांतील हा दृश्य भेदच उरला नाही. म्हणून विश्वासाचा आधार वस्तूकडून प्रमाणपत्राकडे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या व्यक्तीकडे सरकला.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. फिल्म कॅमेऱ्याकडून डिजिटल कॅमेऱ्याकडे झालेले संक्रमण हे केवळ साधनाचे संक्रमण नव्हे. चित्राची निवड केव्हा होते आणि ते टिकवण्याची जबाबदारी कोणाची, या दोन्ही बाबी त्यामुळे बदलल्या.

२. फिल्मच्या काळात चित्रांची संख्या कमी, पण नको असलेल्या चित्रांसह ती टिकण्याचा संभव अधिक होता. डिजिटल काळात चित्रांची संख्या प्रचंड वाढली. मात्र दुर्लक्षित राहूनही टिकण्याचा त्यांचा संभव घटला.

३. डिजिटल छायाचित्राचा इतिहाससाधन म्हणून वापर करताना फाइलचा दिनांक, क्रमांकांतील खंड, प्रतींचा प्रवास आणि ती कोणाच्या ताब्यात होती यांची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

४. या स्थित्यंतरात सर्वाधिक धोक्यात असलेला कालखंड १९९५ ते २०१० हा आहे. या काळातील चित्रांना निगेटिव्हचा आधार नाही आणि पुढील काळाप्रमाणे दूरस्थ साठवणीचाही बहुधा नाही. ती जुन्या कार्डांत, सीडींत आणि बंद पडलेल्या संगणकांत अडकून आहेत.

या काळाचा सामाजिक इतिहास लिहिताना अभ्यासकाला एकोणिसाव्या शतकातील काचेच्या निगेटिव्ह सहज मिळाव्यात आणि विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावरील घरगुती चित्रे मात्र मिळू नयेत, अशी परिस्थिती उद्भवू शकते. ती टाळावयाची तर महाविद्यालये, ग्रंथालये आणि स्थानिक इतिहास मंडळे यांनी आपापल्या परिसरातील स्टुडिओंच्या निगेटिव्ह व नोंदवह्या यांबरोबरच कुटुंबांकडील जुन्या सीडी आणि मेमरी कार्डे यांचेही सर्वेक्षण हाती घेतले पाहिजे. मालकांची संमती घेऊन त्यांतील चित्रे नव्या माध्यमांवर उतरवणे, किमान दोन ठिकाणी ठेवणे आणि चित्रातील व्यक्ती, स्थळ व प्रसंग यांची लेखी नोंद करणे, हे काम फार खर्चाचे नाही. ती माहिती सांगू शकणारी माणसे हयात आहेत आणि माध्यमे अद्याप काही अंशी वाचता येतात, तोवरच ते शक्य आहे.